निळ्या फितीची बाटली

प्रोवीबाई, गावाच्या दोन्या प्रोवी, जिना चढून वर आल्या, तेव्हा एफ्राइनने नुकतीच कॉफी करपवली होती.

करपवणं हा शब्दही सौम्यच म्हणायचा. खालच्या बेकरीतली बाई खिडकीतून ओरडून गेली होती, "काय जाळताय रे वर?" नेरेइदा सिन्त्रोनने नाकाला रुमाल लावून तिन्ही खिडक्या उघडल्या होत्या. एफ्राइन मात्र तीच कॉफी गाळत उभा होता, कारण टाकून देणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

नेरेइदा त्याच्या बायकोची थोरली बहीण. तीस वर्षं विमा कंपनीत होती. प्रत्येक वादळानंतर उडालेली छपरं पाहायला जायची आणि कुठलं छप्पर वाऱ्याने उडालंय, कुठलं मालकाने, ते शिडीवरूनच सांगायची. निवृत्त झाल्यावर तिने पातियास गावात, बेकरीच्या माडीवर, खासगी चौकशीचं काम सुरू केलं. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला एफ्राइन तिची गाडी चालवायचा. तपासात आपलाही निम्मा वाटा आहे, अशी त्याची समजूत होती. ती नेरेइदाने कधी मोडली नाही.

"या मावशी, बसा," म्हणत त्याने कप पुढे केला. दुसरं काही द्यायला नव्हतंच.

प्रोवी कॉफी प्यायल्या. "छान झालीय रे," म्हणाल्या.

एफ्राइनने विजयी मुद्रेने नेरेइदाकडे पाहिलं. नेरेइदा म्हातारीकडे पाहत होती.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गेल्या वर्षी मोठ्या तापातून उठलेल्या प्रोवी शाळेच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं होत्या. गावातल्या निम्म्या लोकांच्या अंगावरचं मांस त्यांच्या हातचं होतं. नेरेइदाच्या घरी चूल पेटत नसे त्या वर्षी तिच्या ताटात एकाऐवजी दोन पळ्या भात पडायचा, तोही कुणाला न सांगता. हे ती विसरली नव्हती.

"माझ्या बाटल्या चोरीला गेल्या, पोरी," प्रोवी म्हणाल्या. "कोकितोच्या."

नाताळात प्रोवींचा कोकितो ज्याच्या घरी येत नाही, त्याचा नाताळ कसला? नारळाचं दूध, आटवलेलं गोड दूध, दालचिनी, लवंग आणि घरची रम. आता हात थकले म्हणून फक्त गल्लीतल्या सात घरांपुरत्या सात बाटल्या. त्याशिवाय एक आठवी, बिनरमची. तिच्या गळ्यात निळी फीत. ती नारळ उतरवणाऱ्या मोन्सेरातेची, त्याने दारू सोडली तेव्हापासून.

"परवा केल्या. एक लगेच दुकानवाल्या आविल्दाला नेऊन दिली, तिची मुलगी येणार होती म्हणून. सहा फ्रीजमध्ये ठेवल्या. काल पहाटे मी आणि माझा मुलगा गमालिएल देवळात गेलो. परत येऊन बघते तर सहाच्या सहा गायब. निळ्या फितीची तेवढी जागेवर."

"आणि बोट मोन्सेरातेकडे," नेरेइदा म्हणाली.

"गमालिएलला त्याच्या शेडमध्ये रिकाम्या बाटल्या सापडल्या. मोन्से म्हणतो, मीच घेतल्या. पुढे तोंड उघडत नाही." प्रोवींनी कप खाली ठेवला. "एकोणीस वर्षं त्याने थेंब घेतला नाही. शेवटचा शाळेमागे पडला होता ना, तेव्हा मीच इस्पितळात नेला. दोन दिवस शुद्धीवर नव्हता. काय प्यायला होता ते मी डॉक्टरांच्या कानात सांगितलं, गावाला आजवर सांगितलेलं नाही. आणि आता सगळे म्हणतात, पडला पुन्हा गटारात. तो पडला असेल तर पडला, मी पुन्हा उचलेन. पण मला खरं सांग. माझं मन मानत नाही."

बोलता बोलता त्या गुडघे खाजवत होत्या.

"गुडघे दुखतात अजून?" नेरेइदाने विचारलं.

"दुखतात तर! यंदाच्या औषधात दमच नाही. रोज रात्री चोळते, पण ना थंडावा ना काही. उलट चिकट चिकट होतं. काल तर अंथरुणात मुंग्या!"

एफ्राइन हसला. "मावशी, तुम्ही आहातच गोड."

"गप रे, मेल्या," प्रोवी म्हणाल्या, पण बऱ्याच वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. मग त्या पुन्हा गंभीर झाल्या. "गमालिएल मला त्याच्या घरी ओरलँडोला न्यायचं म्हणतोय. सत्तावीस तारखेची विमानाची दोन तिकिटं काढलीत. मागच्या महिन्यात माझ्याकडून एक भांडं जळलं, तेव्हापासून मागे लागलाय. म्हणतो, आई, आणखी एक चूक झाली की मी ऐकणार नाही. आता चोरी झाली. म्हणतो, बघ, इथे तू सुरक्षित पण नाहीस."

"तुम्ही कोकितो चाखला होता?"

"मी? सहा जानेवारीच्या आत? शक्यच नाही. हा गमालिएल चार वर्षांचा असताना तापाने फणफणला होता. तेव्हा मी बाळ येशूला भेटायला आलेल्या तिन्ही राजांना नवस बोलले, तुमचा सण येईपर्यंत कोकितो जिभेला लावणार नाही म्हणून. पन्नास वर्षं पाळलाय."

नेरेइदा उठली. "एफ्राइन, गाडी काढ."

*

गमालिएल पडवीतच भेटला. सुताराच्या कामाने हात राठ झालेला, पण इस्त्रीचा शर्ट. माणूस वाईट नव्हता. फक्त आईच्या काळजीने सैरभैर झाला होता आणि तिच्यावरच खेकसत होता.

"चौकशी कसली करताय? शेडमध्ये सात बाटल्या मिळाल्यात. धुऊन, उपड्या घालून ठेवलेल्या. कबूल पण झालाय तो. मी पोलिसांत जाणार होतो, आईच रडायला लागली."

"सात केल्या, सात मिळाल्या," एफ्राइन म्हणाला. "हिशेब बसला, ताई."

"तू बस जरा," नेरेइदा म्हणाली. "गमालिएल, तू कधी आलास?"

"अठराला. आल्या आल्या दोन दिवस घर साफ केलं. काय अवस्था होती! बारा कोपऱ्यांत बारा बाटल्या, सगळ्या जुन्या रमच्या, एकसारख्या. चिकट, मळक्या. कुणाच्या गळ्यात दोरा, कुणाच्या बुडाला चिंधी. सगळं कापून टाकलं, बाहेरून घासल्या, पुन्हा जागच्या जागी लावल्या. आता कसं लख्ख दिसतंय की नाही?"

"लख्ख दिसतंय," नेरेइदा म्हणाली.

स्वयंपाकघर खरंच आरशासारखं होतं. फ्रीजमध्ये निळ्या फितीची बाटली एकटी उभी होती. वर नारळाची पांढरी साय गच्च बसली होती.

"मावशी, ही आधी केली की नंतर?"

"आधी. रम घालायच्या आधीच मोन्सेची काढून ठेवते. मग बाकीच्यात रमची अख्खी बाटली ओतते. माझा हात हलकाच आहे."

"ती रिकामी बाटली कुठाय?"

प्रोवींनी ओट्याखाली चाचपलं. हात पुढे करून, बोटांनी. डोळ्यांवर पडदा आलाय हे त्या कुणाला सांगत नसत, पण बोटं सांगत होती. "इथेच ठेवली होती. गमालिएलने टाकली असेल."

"मी नाही हात लावला," गमालिएल म्हणाला.

मग नेरेइदाने अंथरुणातल्या मुंग्या बघायच्या म्हणून झोपायची खोली पाहिली. विमा कंपनीतून गेली तरी या बाईला छपरापासून उशीपर्यंत सगळं बघायची खोड आहे, असं एफ्राइनच्या मनात आलं. उशाशी गुडघ्याच्या औषधाची बाटली होती. तळाशी काळपट काहीतरी फुगून बसलं होतं. मुंग्यांची रांग तिच्या बुचापर्यंत गेली होती. नेरेइदाने बूच उघडून वास घेतला आणि पुन्हा लावलं.

*

आविल्दाचं किराणा दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. प्रोवी सोडल्या तर गल्लीत कोकितो करणारी ती एकटीच. तिच्या कोकितोत पिस्ते असत. त्यामुळे चोरीचा पहिला संशय एफ्राइनने तिच्यावरच घेतला होता.

"मी चोरू? अहो, माझी एक बाटली होती ती पण गेली!" आविल्दा उसळली. "काल सकाळी आठला तो मोन्सेराते धापा टाकत आला. पहिला प्रश्न काय, तर प्रोवीने तुला बाटली दिलीय का? म्हटलं, ही काय, काउंटरवर. मुलगी आल्यावर उघडणार. तेवढ्यात त्याचा हात लागला आणि बाटली खाली! जमिनीवर चिखल. निम्मा दिवस लवंगेचा वास जाईना. म्हातारीने यंदा लवंग फारच घातली होती."

"हात लागला, की मारला?"

आविल्दा थबकली. "आता विचारताय तर... काउंटर केवढा रुंद आहे बघा. पण झिंगलेल्या माणसाचं काय सांगावं?"

"तोंडाला वास येत होता?"

"घामाचा," आविल्दा म्हणाली, आणि स्वतःच विचारात पडली.

*

मोन्सेराते माडावर होता. चाळीस फुटांवर, कमरेला दोर, हातात कोयता. एकेक नारळ देठाला धरून दोराने खाली सोडत होता. साठीचा माणूस, पण पाय खोडावर घट्ट.

"मोन्से, खाली ये!" एफ्राइन ओरडला. "कालपासून सहा बाटल्या पोटात आणि वर चढलास होय? मरशील!"

मोन्सेराते खाली उतरला. हात पुसले. शेडमध्ये गमालिएलने दाखवलेल्या बाटल्या अजून होत्या. सात, काठ्यांच्या चौकटीवर उपड्या घातलेल्या, स्वच्छ. नेरेइदाने एकेक उचलून आत पाहिलं. सातवीच्या तळाशी वाळकं पान चिकटलं होतं. तिने ती एफ्राइनच्या नाकाखाली धरली.

"कसला वास?"

"लवंगेचा, ताई. दुसरं काय असणार?"

शेडमागे पाण्याची चारी होती. तिच्या काठावर पांढरा तुपकट थर थिजलेला, आणि शेजारची अळवाची पानं करपून मान टाकलेली. एरवी आवारभर फिरणाऱ्या कोंबड्या आज खुराड्यात कोंडलेल्या होत्या.

"मी घेतल्या. लिहून घ्या," मोन्सेराते म्हणाला. त्याची नजर जमिनीवर होती. "गमालिएलला सांगा, पोलिसांना बोलव. पण एक सांगाल? गल्लीत कुणी प्यायलं नाही ना? आणखी एखादी बाटली तिने आधीच कुणाला दिली नव्हती ना?"

"नाही. कुणी प्यायलं नाही."

त्याने डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. एफ्राइनला वाटलं, हा आता पडतो.

"चारला प्रोवीच्या पडवीत ये," नेरेइदा म्हणाली.

"तिच्यासमोर नको." त्याने तिचा दंड धरला. "तुम्हाला कळलंय, दिसतंय मला. पाया पडतो तुमच्या. मला दारुडा म्हणू द्या. मला सवय आहे. तिला ओरलँडोला घालवू नका."

एफ्राइनने एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. त्याला काहीच कळलं नव्हतं.

"ये तर खरं," नेरेइदा हळूच म्हणाली. "एकोणीस वर्षं तिच्यावर भरवसा ठेवलास. आज दहा मिनिटं माझ्यावर ठेव."

*

चार वाजता पडवीत पाच खुर्च्या आणि एक उलटी बादली मांडली होती. बादलीवर एफ्राइन बसला. आतून तुरीच्या दाण्यांच्या भाताचा वास येत होता. मोन्सेराते पायरीवर टोपी हातात धरून उभा राहिला, खुर्चीवर बसेना.

"मोन्सेरातेने बाटल्या घेतल्या, हे खरं," नेरेइदाने सुरुवात केली. "पण तो प्यायला नाही. थेंबही नाही."

गमालिएल तोंड उघडणार तोच तिने हात वर केला.

"दीड दिवसात सहा बाटल्या पोटात गेलेला माणूस आज चाळीस फूट माडावर चढला आणि एकही नारळ न आपटता खाली सोडला. पिणारा बाटली फेकून देतो. धुऊन वाळत घालत नाही. पुढल्या वर्षी मावशीला बाटल्या लागतील म्हणून ती काळजी. चारीच्या काठावर नारळाचं तूप थिजलंय. कोकितो तिथे ओतला गेला. आणि एक बाटली याने आविल्दाच्या काउंटरवरून पाडली. दारूसाठी वेडा झालेला माणूस समोरची भरली बाटली फोडेल?"

"मग ओतायला चोरल्या?" गमालिएल म्हणाला. "कशासाठी?"

"आधी बाटल्या मोज. आईने सात केल्या, तुला सात सापडल्या. एफ्राइन म्हणाला, हिशेब बसला. पण सातवी तर आविल्दाच्या फरशीवर फुटली."

एफ्राइन बादलीवर ताठ झाला. "अरेच्चा! म्हणजे शेडमध्ये सहाच हव्या होत्या!"

"सातवी कुठली? मावशींच्या ओट्याखालची. जिच्यातून त्यांनी रम ओतली, ती. तीही याने नेली, कुणाला वास लागू नये म्हणून. तिच्या तळाशी पान आहे. लवंगेसारखा वास येणारं. रममध्ये आपण मनुका घालतो, दालचिनी घालतो. मालागेताची ही पानं कशात घालतो, आविल्दा?"

आविल्दाचा हात तोंडाशी गेला. "गुडघ्याला चोळायच्या स्पिरिटमध्ये!"

प्रोवींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "मी... मी ते ओतलं? पोरांच्या घरी जाणाऱ्या बाटल्यांत?"

"नाही!" मोन्सेराते पुढे आला. "मीच काहीतरी घातलं. माझ्या हातून झालं. तिची चूक नाही."

"बरोबर," नेरेइदा म्हणाली. "तिची चूक नाहीच. म्हणून तर सगळ्यांसमोर बोलतेय."

ती प्रोवींजवळ जाऊन बसली, त्यांचा हात हातात घेऊन.

"मावशी, गेल्या वर्षीच्या तापानंतर तुमचं नाक गेलंय. एफ्राइनची आजची कॉफी चांगली म्हणालात, तेव्हाच कळलं."

"म्हणजे चांगली नव्हती?" एफ्राइनने विचारलं.

"चाखून कळलं असतं, पण नवस होता. डोळ्यांना बाटल्या सारख्याच दिसतात. तरी इतकी वर्षं कधी गफलत झाली नाही. का? गुडघ्याच्या औषधाच्या बाटलीला काय खूण होती?"

"गळ्यात दोरा," प्रोवी म्हणाल्या. "जाड, दोन गाठींचा. हात लावला की कळायचं. रमला दोरा नाही. परवा मी गळा चाचपला, नाही कसा? दोरा नव्हता. म्हणून तर..."

सगळ्यांनी गमालिएलकडे पाहिलं.

गमालिएलचा चेहरा उतरला होता. "मळका होता," तो पुटपुटला. "मी कापून टाकला."

"बाटल्या घासल्यास आणि जागच्या जागी ठेवल्यास. फक्त दोन जागा उलट झाल्या. औषध ओट्याखाली गेलं, रम उशाशी आली. मनुका घातलेली गोड रम. मावशी चार दिवस तीच गुडघ्यांना चोळतायत. मुंग्या उगीच येत नाहीत." नेरेइदाने त्याच्याकडे रागाने पाहिलं नाही. "आईच्या हाताने बरोबर वाचलं, गमालिएल. अक्षर तू पुसलंस."

त्याने दोन्ही हातांत डोकं धरलं.

"पण मोन्सेला कसं कळलं?" आविल्दाने विचारलं.

मोन्सेरातेने टोपी दोन-तीनदा फिरवली. मग प्रोवींकडे पाहून, जणू परवानगी घेऊन, तो बोलला. "काल पहाटे नेहमीसारखं मोठं पातेलं घासायला आलो. झाकण काढलं आणि तो वास आला. एकोणीस वर्षांपूर्वी रम मिळाली नाही म्हणून मी हेच प्यायलो होतो. गावाला माहीत नाही. हिला माहीत आहे. हा वास मी मेलो तरी विसरणार नाही." त्याने टोपी पायरीवर ठेवली. "हिने माझं कुणाला सांगितलं नाही. मग हिचं मी कसं सांगू? गमालिएल तिकिटं दाखवत फिरत होता. म्हटलं, चोर व्हावं."

प्रोवी उठल्या. हात पुढे करून चाचपत पायरीपर्यंत गेल्या. मोन्सेरातेचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, डोळे, गाल, हनुवटी बोटांनी पाहिली.

"गाढवा," त्या म्हणाल्या. "दोन दिवस मला वाटत होतं, माझं पोर गेलं."

"तुमच्यामुळेच आहे, मावशी," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडला.

एफ्राइनने नाक शिंकरलं. धूळ फार आहे, असं काहीतरी तो म्हणाला. पडवी गमालिएलने सकाळीच धुतली होती.

गमालिएल आईजवळ आला. "आई, तिकिटं..."

"तुझं तेवढं ठेव. तुझं घर तिकडे आहे. माझं इथे, आणि राखणदार केवढा मोठा आहे ते बघितलंस ना?" त्यांनी त्याच्या गालावर थोपटलं. "घर घासलंस, त्याबद्दल देव तुझं भलं करो. पण पुन्हा घासलंस तर काठी घेईन."

*

चोवीस तारखेच्या सकाळी मोन्सेरातेने नारळ फोडले, गमालिएलने किसले, आविल्दाने आटवलेलं दूध दुकानातून आणलं. पिस्ते घालू का, असं तिने एकदाच विचारलं.

"रम?" एफ्राइनने आशेने उशाशी असलेल्या बाटलीचा विषय काढला. "तशी ती फक्त तळहाताला लागलीय, ताई."

नेरेइदाने नुसतं पाहिलं. त्याने विषय मागे घेतला.

"यंदा रम नाही," प्रोवी म्हणाल्या. "कुणाच्याच बाटलीत नाही."

फ्रीजमधून निळ्या फितीची बाटली आणून त्यांनी फीत सोडवली आणि गुडघ्याच्या औषधाच्या नव्या बाटलीच्या गळ्यात बांधली. दोन गाठी मारल्या. हात लावून पाहिलं.

"मावशी, पण मग माझी बाटली कशी ओळखू?" मोन्सेरातेने विचारलं.

ओट्यावर आठ बाटल्या रांगेत होत्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या उघड्या गळ्याच्या.

"त्यातली कुठलीही उचल," प्रोवी म्हणाल्या.